स्पीडोमीटरचा काटा नाचतोय? केबल बदलायच्या आधी द्वारकेच्या मीटरवाल्या काकांना गाडी दाखवा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

ज्यांच्या गाडीला अजून केबलवर (म्हणजे कव्हरच्या आत फिरणाऱ्या तारेवर) चालणारं स्पीडचं मीटर आहे अशा नाशिककरांसाठी हे लिहितेय, म्हणजे मारुती ८००, जुन्या जीप, जुन्या बाईक, स्कूटर वगैरे. द्वारकेहून सारडा सर्कलकडे येताना आतल्या गल्लीत एक अगदी छोटं दुकान आहे, बोर्डवर फक्त 'मीटर रिपेअर' एवढंच आहे आणि तेही अर्धं उडालेलं, त्यामुळे पहिल्यांदा जाणारा हमखास पुढे निघून जातो. आत एक वयस्कर काका, एक टेबल, टेबललॅम्प आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या केबलीच केबली. बाकी काही नाही.

आमच्याकडे बाबांची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, आता मीच चालवते, इंदिरानगर ते सातपूर रोज जाणं-येणं. गाडी अजून एकदम ठणठणीत आहे पण मीटरचा काटा नाचायला लागला, चाळीसच्या आसपास गाडी असली की काटा वीसवरून साठवर आणि साठवरून परत वीसवर, शेजारी बसलेल्या माणसाला वाटावं की गाडी झटके खातेय, आणि साठच्या वर गेलं की एकदम शहाण्यासारखा स्थिर. आरसीचं रिन्यूअल जवळ आलेलं, खासगी गाडीला पहिली १५ वर्षं झाली की मग दर ५ वर्षांनी पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि तिथे मीटर नीट चालू पाहिजे, त्यामुळे हे टाळून चालणार नव्हतं.

आधी ज्या गॅरेजला नेली तिथे न बघताच केबल बदलली. थोडे दिवस छान चाललं, मग पुन्हा तोच नाच. परत नेली तर म्हणे आता मीटरच गेलंय, अख्खा सेट बदला, तीन-चार हजार धरा. जुन्या गाडीचा सेट म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा काढलेला, त्यावर भलतेच किलोमीटर, ते मला अजिबात नको होतं. मग ऑफिसातल्या एकाने या काकांचं सांगितलं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की काकांनी पान्याला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले, आणि प्रत्येक प्रश्नामागे कारण होतं. कुठल्या स्पीडला नाचतो, सगळ्या की फक्त कमी. किलोमीटरचे आकडे बरोबर पडतात का की तेही अडकतात. डॅशबोर्डमागून टकटक किंवा किरकिर येते का. सकाळी गार गाडीत जास्त होतं का. आणि शेवटचा प्रश्न, जो मला तेव्हा विचित्र वाटला, "ताई, हे सुरू व्हायच्या आधी गाडीत कुठलं काम केलं होतं का, काहीही, मीटरचं नाही, दुसरं?" मी म्हटलं म्युझिक सिस्टीम बसवली होती. ते फक्त हं म्हणाले.

आकड्यांचा प्रश्न का, ते त्यांनी एक जुनं उघडं मीटर हातात देऊन समजावलं. गिअरबॉक्समधून येणारी केबल मीटरच्या आत एक छोटं लोहचुंबक फिरवते. त्याच्यावर ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते, काटा त्या वाटीच्या दांडीला लावलेला, आणि गंमत म्हणजे चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतच नाहीत. चुंबक फिरलं की वाटीत करंट तयार होतो आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते, एक केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते, या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला स्पीड. काकांनी मागचं चौकोनी भोक चिमटीने फिरवलं आणि काटा माझ्यासमोर अलगद वर चढला, बोट थांबलं की खाली. हे तंत्र ओट्टो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली पेटंट केलेलं, शंभर वर्षांहून जास्त झाली आणि माझ्या गाडीत आजही तेच आहे, मला हे बघून खरंच भारी वाटलं. किलोमीटरचे आकडे मात्र केबलने फिरणाऱ्या चुंबकाच्या दांड्यावरच्या दातेरी चाकांनी थेट फिरतात, तिथे चुंबकाच्या ओढीची भानगड नाही. म्हणून आकडेही अडकत असतील तर संशय गिअरबॉक्समधल्या मीटरच्या गिअरवर, तो बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा असतो आणि त्याचे दात जातात. आकडे बरोबर पडतायत पण काटा नाचतोय तर केबल नाहीतर मीटर स्वतः.

आणि केबल कोरडी पडली किंवा कुठे अडकत असली की काय होतं, तर खालचं टोक गिअरबॉक्स फिरवतच राहतो पण वरचं टोक अडून बसतं, आतली तार पीळ खात जाते आणि मग तो सगळा पीळ एकदम सुटतो, दोरीला पीळ देत राहावं आणि हातातून सुटावी तसं. पीळ सुटला की चुंबक क्षणभर जोरात फिरतं, काटा वर. मग पुन्हा अडतं, काटा खाली. स्पीड वाढला की तारेला अडून बसायला वेळच मिळत नाही, म्हणून साठच्या पुढे काटा शांत. माझ्या गाडीचं अगदी हेच चाललं होतं.

आता तपासणी. काकांनी केबल मीटरकडून सोडवली, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा, आणि पुढचं एक चाक जॅकवर घेतलं. मला सांगितलं चाक हाताने हळू फिरवा. स्वतः डॅशबोर्डखाली डोकं घालून तारेचं टोक बघत होते. तार झटके देत फिरत होती. मग तीच केबल गिअरबॉक्सकडूनही काढली, गिअरमध्ये एक जुन्या तारेचा तुकडा खोचला आणि पुन्हा चाक फिरवायला सांगितलं, तर तुकडा एकदम सरळ, एका लयीत फिरला. गिअर ठीक. गिअरबॉक्समधलं ऑइल केबलमध्ये येऊ न देणाऱ्या ऑइल सीलला बोट लावून बघितलं, कोरडं. मग मीटरच्या मागे तसाच तुकडा खोचून चिमटीने फिरवला, काटा विनातक्रार चढला आणि उतरला. मीटर ठीक, म्हणजे जे तीन-चार हजारांना बदलायला सांगितलं होतं ते मीटर. राहिली केबल, आणि ती तर नवी होती.

इथे बाकीच्या कोणीही दुसरी नवी केबल टाकून पैसे घेतले असते असं मला वाटतं.

काकांनी आतली तार ओढून काढली, रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि टेबलावरच्या काचेवर ठेवून तळहाताने लोळवली. वाकलेली तार लोळताना मध्येच उडते, माझी सरळ लोळली. दोन्ही टोकं धरून तिची कमान केली, एक टोक फिरवलं, दुसरं तसंच त्याबरोबर फिरलं, कुठे उडी नाही. एकही तंतू सुटलेला नाही, चौकोनी टोकाच्या कडा शाबूत. पण वरच्या टोकापासून वीतभर खाली तार एकाच जागी चकचकीत झाली होती, लॅम्पखाली तिरकी धरल्यावर लगेच दिसली, बाकी सगळी मळकट काळपट आणि तेवढाच बोटभर भाग घासून चमकणारा. काकांनी तो भाग बाहेरच्या कव्हरच्या लांबीशी मोजून धरला, तिथे खडूने खूण केली आणि परत डॅशबोर्डखाली गेले. आणि बरोबर त्याच जागी म्युझिक सिस्टीमच्या वायरींचा जुडगा मीटरच्या केबलला प्लास्टिकच्या टायने आवळून बांधलेला! केबल तिथे जवळजवळ काटकोनात वळलेली. जुनी केबलही तिथेच घासत होती, नवीही तिथेच. त्यात बॉनेटकडून केबल आत येते त्या पत्र्याच्या भोकातलं रबरही गायब, म्हणजे केबल आणखी खाली ओढली गेलेली.

काकांचा नियम सोपा आहे, केबलच्या कुठल्याही बाकाची त्रिज्या साधारण १५ सेंटीमीटरपेक्षा कमी नको. टाय कापली, वायरी वेगळ्या बांधल्या, केबल मोठ्या वळणाने नेली, भोकात नवीन रबर बसवलं. तारेला पातळ ग्रीस लावलं पण फक्त खालच्या भागाला, वरचा वीतभर भाग मुद्दाम कोरडा ठेवला, कारण फिरता फिरता ग्रीस आपोआप वर चढतं आणि मीटरमध्ये शिरलं की वाटीला चिकटून काटा कायमचा चुकीचा दाखवतो. बरेच लोक वरून इंजिन ऑइल सोडतात किंवा स्प्रे मारतात, चार दिवस बरं वाटतं आणि मग मीटरच खराब. केबल तीच ठेवली. मी म्हटलं काका नवीन टाकून द्या ना, तर म्हणाले "चांगली आहे, कशाला?"

मी थांबले होते तेव्हा एका जीपवाल्याची केबलही बघितली. त्याचाही काटा नाचत होता, पण काकांनी तार ओढली, अंगठ्यावर घासून वास घेतला आणि सांगितलं हे ग्रीस नाही, गिअर ऑइल आहे. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, मलाही हुंगायला दिलं, लगेच कळतं. सील गेलेलं, ऑइल तारेवरून चढत चढत मीटरपर्यंत पोचलेलं. एकच लक्षण आणि दोन गाड्यांची दोन वेगळी कारणं. त्या भाऊंना वाटत होतं मोठे टायर टाकले म्हणून काटा नाचतो. काकांनी स्पष्ट सांगितलं, टायर मोठा झाला तर मीटर कमी स्पीड दाखवेल, पण नाचणार नाही.

काम झाल्यावर काका स्वतः शेजारी बसले, उड्डाणपुलावरून पाथर्डी फाट्याच्या दिशेने चक्कर मारली. चाळीसच्या आसपासही काटा स्थिर. मोबाईलच्या जीपीएसवर बघितलं तर गाडी साठ दाखवत असताना मोबाईल सत्तावन्न. मी विचारलं हा फरक का, तर म्हणाले मीटर जरा जास्तच दाखवायला पाहिजे, कमी दाखवता कामा नये. मी नंतर वाचलं, यूएन आर ३९ नावाचा आंतरराष्ट्रीय नियमही तेच म्हणतो, खऱ्या वेगापेक्षा कमी अजिबात नाही, जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इथपर्यंत चालतं.

पैसे सगळे मिळून ३५० घेतले, रबर धरून. ऑनलाइन पेमेंट चालतं, बिल वहीच्या कागदावर लिहून देतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. मी असताना एक जण गाडी विकायची म्हणून किलोमीटर कमी करून मागत होता, चांगले पैसे देतो म्हणाला. काकांनी त्याला दुकानाबाहेर काढला. जुन्या गाडीच्या धंद्यात हे सर्रास चालतं हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे असा माणूस सापडणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

आता अर्धा स्टार. पार्किंग नाहीच, गल्ली अरुंद, चारचाकी असेल तर सकाळी अकराच्या आसपास दुकान उघडतं तेव्हाच जा, नंतर गर्दीत गाडी वळवणं मुश्कील. बसायला एक स्टूल आणि त्यावर आधीच कोणीतरी बसलेलं असतं. काका एकटेच काम करतात आणि घाई केलेली त्यांना आवडत नाही, त्यामुळे अर्धा दिवस धरूनच जा. आणि सेन्सरवाली नवीन गाडी असेल तर जाऊच नका, तिथे केबल नसते, काटा नाचत असेल तर वायरिंग, अर्थिंग नाहीतर सेन्सर, काका ते घेत नाहीत आणि तोंडावर सांगतात की वायरिंगवाल्याकडे जा.

दुचाकीवाल्यांनी एवढं बघून जा, बऱ्याच जुन्या बाईकची केबल पुढच्या चाकाच्या हबमधून निघते, तिथलं प्लास्टिकचं गिअर झिजलं किंवा चिखलपाणी शिरलं तरी काटा असाच नाचतो, पावसाळ्यानंतर जास्त. पुढचा टायर किंवा ब्रेक लायनर नुकतंच बदललं असेल तर तेही काकांना आधीच सांगा, आणि कुठल्याही गाडीचं मीटर उघडं असताना काटा बोटाने फिरवून बघू नका, ती केसाएवढी स्प्रिंग एकदा ताणली गेली की काकाही ती पूर्ववत करून देत नाहीत.