नव्या लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते आहे: बदलून घ्यावा, दुरुस्त करून घ्यावा की घरीच उपाय करावा?

नवा लॅपटॉप घेऊन दोन-चार दिवस होत नाहीत तोच स्क्रीन लुकलुकू लागली, आडव्या रेषा उमटू लागल्या किंवा प्रकाश आपोआप कमी-जास्त होऊ लागला, तर खरेदीदारापुढे तीन मार्ग असतात. घरच्या घरी ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी जोडणारे सॉफ्टवेअर) आणि सेटिंग्ज तपासायची, विक्रेत्याकडून लॅपटॉप बदलून घ्यायचा, किंवा वॉरंटीखाली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून पॅनल (खुद्द पडदा) वा केबल बदलून घ्यायची. या तिघांत कोणता मार्ग चांगला, या प्रश्नाला दोषाची जात ओळखल्याशिवाय उत्तर नाही, आणि ती ओळखण्यासाठी वेळ फार थोडा असतो. कारण लॅपटॉपची वॉरंटी साधारणपणे वर्षभराची असली, तरी बदलून देण्याची मुदत अनेक विक्रेत्यांकडे जेमतेम सात ते दहा दिवसांची असते.

दोष तीन जातींचे असतात. पहिला त्या एका नगातला, म्हणजे सदोष पॅनल, नीट न बसलेली केबल किंवा बिघडलेली ग्राफिक्स चिप. दुसरा सॉफ्टवेअरचा. तिसरा त्या मॉडेलचा स्वभावच म्हणावा असा, जो दुरुस्तही होत नाही आणि बदलूनही जात नाही. नग बदलून घेण्याचा खरा उपयोग फक्त पहिल्या जातीत होतो. ड्रायव्हरचा घोळ असेल, तर बदलून आलेल्या त्याच मॉडेलच्या नगावर तोच ड्रायव्हर आणि तोच घोळ असण्याची शक्यता मोठी असते, आणि मधले काही दिवस मात्र हकनाक लॅपटॉपविना जातात.

जात ओळखण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे बायोस, अर्थात विंडोजच्या आधी चालू होणारी लॅपटॉपची मूळ प्रणाली. लॅपटॉप सुरू होताना डेल आणि एसरवर सहसा एफ२, तर एचपीवर एफ१० दाबत राहिल्यास बायोसचा पडदा उघडतो. तेथे विंडोज नसते आणि विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हरही नसतो. त्यामुळे तेथेही स्क्रीन लुकलुकत असेल, तर दोष हार्डवेअरचा मानून ड्रायव्हरच्या मागे लागणे थांबवावे. तेथे सारे ठीक दिसले म्हणून मात्र लगेच निर्धास्त होऊ नये. केबलचा दोष झाकणाच्या कोनावर किंवा यंत्र तापण्यावर अवलंबून असू शकतो, म्हणून बायोस दहा-पंधरा मिनिटे उघडा ठेवून झाकण सावकाश मागे-पुढे करून पाहावे. डेलच्या लॅपटॉपवर ‘डी’ ही कळ दाबून ठेवून पॉवरचे बटण दाबल्यास पॅनलची स्वतंत्र चाचणीही सुरू होते आणि पूर्ण स्क्रीनवर एकेक रंग येऊन जातो.

आणखी दोन चाचण्या सर्रास सुचवल्या जातात, पण त्यांचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा लावला जातो. एक म्हणजे स्क्रीनशॉट. त्यात रेषा किंवा रंगांचे डाग उमटले, तर चित्र पॅनलपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडते आहे, म्हणजे दोष ग्राफिक्स चिपचा किंवा ड्रायव्हरचा आहे. दुसरी म्हणजे एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर किंवा घरचा टीव्ही जोडणे. बाहेर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर खराब, एवढ्यावरून ‘पॅनल गेले’ असा निकाल अनेक दुकानदार देतात, आणि तो घाईचा असतो. पॅनल सेल्फ रिफ्रेश नावाची वीज वाचवणारी सोय फक्त लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर चालते. चित्र स्थिर असताना ग्राफिक्स चिपने नवे चित्र पाठवणे थांबवायचे आणि पॅनलने आपल्या स्मृतीतले चित्रच दाखवत राहायचे, अशी ती योजना आहे. या दोन अवस्थांमधली ये-जा बिघडली की स्क्रीन फडफडते, मात्र ती फडफड बाहेरच्या मॉनिटरवर किंवा स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर नेमके हेच झाले होते. दुकानदाराने पॅनलला दोष दिला. प्रत्यक्षात इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमधील सिस्टिम आणि पॉवर या भागात जाऊन ही सोय बंद करताच फडफड थांबली.

सॉफ्टवेअरचा संशय असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. बाकी स्क्रीनबरोबर तोही लुकलुकत असेल तर बहुधा ड्रायव्हर दोषी असतो, आणि तो स्थिर राहून बाकीचे लुकलुकत असेल तर एखादे ॲप. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने तात्पुरता फरक पडला, तर संशय आणखी बळावतो. ड्रायव्हर घ्यायचा तो आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, त्या मॉडेलसाठी दिलेला. चिप बनवणाऱ्या कंपनीचा सर्वांत नवा ड्रायव्हर त्यानंतर. रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो वेग, १२० हर्ट्झवरून ६० हर्ट्झवर आणून पाहणेही फायद्याचे असते. नुसता प्रकाश कमी-जास्त होत असेल, तर तो बिघाड नसून मजकुरानुसार प्रकाश बदलण्याची सोय असू शकते. ती विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर व्हॅरी-ब्राइट या नावाने बंद करता येते.

या सगळ्याला एक संध्याकाळ पुरते, आणि त्याहून अधिक वेळ देऊ नये असे माझे मत आहे. ‘अपडेट टाका आणि आठवडाभर वापरून बघा’ हा सल्ला ज्याच्याकडे बदलून देण्याची मुदत सातच दिवसांची आहे त्याने दिला, तर तो कोणाच्या सोयीचा आहे हे सांगायला नको.

दोष हार्डवेअरचा ठरला आणि मुदत शिल्लक असली, तर बदलून घेणे आणि दुरुस्ती यांत मी बदलून घेण्यालाच झुकते माप देईन. दुरुस्तीत यंत्र पहिल्याच आठवड्यात उघडले जाते आणि वॉरंटीच्या अनेक करारांत नव्याऐवजी पुनर्निर्मित भाग बसवण्याची मुभा असते. मुदत उलटली असेल, किंवा त्या मॉडेलचा साठा संपून विक्रेता फक्त पैसे परत देत असेल आणि दरम्यान किंमत वाढलेली असेल, तर मात्र घरी येऊन केलेली पॅनलबदली हा समंजस पर्याय ठरतो. केबल नुसती सैल असेल, तर दुरुस्ती अर्ध्या तासाचीही नसते. एखाद-दुसऱ्या मृत पिक्सेलसाठी दोन्हीकडे नकार मिळू शकतो, कारण त्याबाबत प्रत्येक कंपनीची स्वतःची मर्यादा ठरलेली असते.

तिसरी जात ओएलईडी, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देणाऱ्या, पडद्यांवर अधिक भेटते. अशा अनेक पडद्यांवर प्रकाश कमी करण्यासाठी पिक्सेल सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू केले जातात. बहुतेकांना ते जाणवत नाही, पण काहींचे डोळे त्याने दुखतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात, तेही यामुळेच. येथे तोच नग बदलून घेण्यात अर्थ नाही. पैसे परत घ्यावेत किंवा दुसरे मॉडेल घ्यावे, आणि तेही जमत नसेल तर प्रकाश वाढवून वापरावा.

विक्रेता दाद देत नसेल तर कायदा खरेदीदाराच्या बाजूने आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकलेली सदोष वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. पुरावा म्हणून बायोसमधील लुकलुकण्याचा आणि त्याच चित्रीकरणात यंत्राच्या अनुक्रमांकाचा व्हिडिओ घेऊन ठेवावा, आणि तक्रार फोनवर न करता लेखी, मुदतीच्या आतल्या तारखेची करावी.

यंत्र कोणाच्याही हाती देण्यापूर्वी फायलींची प्रत काढावी आणि आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बिटलॉकरची (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की आहे ना, ते पाहून ती लिहून ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलला गेल्यास विंडोज सुरू होताना तीच मागितली जाते.