पेन्सिल आधी की गाडी आधी? पूर्वनियुक्तीवरची आठ व्याख्यानं, फी ९०० रुपये

मी निवृत्त रेल्वेवाला. आधी स्टेशन मास्तर, शेवटची अकरा वर्षं कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर, म्हणजे एका टप्प्यातल्या गाड्या कुठे थांबवायच्या, कुठे सोडायच्या ते ठरवणारा. राहायला मिरजेत. देवाचं पूर्वज्ञान (पुढचं आधीच माहीत असणं) आणि पूर्वनियुक्ती (कुणाचं तारण व्हायचं ते त्याने आधीच ठरवणं) या विषयावरचा एक ऑनलाइन मराठी अभ्यासक्रम मागच्या महिन्यात संपवला, त्याबद्दल लिहितोय. संस्थेचं नाव देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि शिकवणारे पाळकसाहेब भले गृहस्थ आहेत.

तक्रारी आधी उरकतो. फी दोनदा कापली गेली. परत मिळायला अकरा दिवस आणि सात फोन लागले. वर्कबुकची पीडीएफ येते तिच्यात जोडाक्षरं तुटलेली, पहिल्याच पानावर ‘ख्रिस्त’ फुटलेला. पहिल्या दोन व्याख्यानांत पाळकसाहेबांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो.

आता मी या भानगडीत का पडलो ते. माझी आजी मिशनच्या शाळेतली. आमच्याकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जिनिव्हाच्या धर्मसुधारक कॅल्विनचं घराणं. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीतले १०७ प्रश्न तिला तोंडपाठ. सातवा प्रश्न देवाच्या संकल्पांचा, आणि उत्तराचा गाभा असा की जे जे घडतं ते त्याने आधीच ठरवून ठेवलंय. बायको मात्र मेथडिस्ट घरातली, आणि त्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याला ही शिकवण मुळीच मान्य नव्हती. १७३९ साली त्याने तिच्याविरुद्ध प्रवचन केलं, छापलंही. त्यामुळे दूध उतू गेलं की मी म्हणतो, ते ठरलेलंच होतं; ती म्हणते, गॅस बारीक करायला तुम्हाला सांगितलं होतं.

पण खरं कारण माझा धाकटा भाऊ. शेवटची वीस वर्षं तो मंडळीत फिरकला नाही. चार वर्षांपूर्वी गेला. मातीच्या वेळी मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “त्याची निवडच नव्हती.” म्हणजे देवाने त्याला तारणासाठी निवडलंच नव्हतं. कोण ते मी वळून पाहिलं नाही.

पहिली दोन व्याख्यानं ऑगस्टीन आणि पेलागियस या जुन्या ख्रिस्ती विचारवंतांच्या भांडणावर: माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो, की देवाची कृपाच लागते. ठीक आहेत, कुठेही वाचायला मिळेल असं.

तिसऱ्यात बोएथियस आला आणि मी सरसावून बसलो. हा रोमन सरदार सहाव्या शतकात राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत पडला, पुढे त्याला ठार मारलं. मरणाची वाट पाहताना तो हाच प्रश्न सोडवत होता: देवाला उद्याचं माहीत असेल तर उद्या मी मोकळा कसा? त्याचं उत्तर असं की देवाला उद्या नाहीच. त्याच्यापुढे सगळा काळ एकदम उघडा असतो, आणि नुसतं पाहिल्याने कुणावर सक्ती होत नाही. पाळकसाहेबांनी यासाठी तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसचा, उंचावरून रस्त्यावरचे सगळे वाटसरू एकदम पाहणारा माणूस आणला. चांगला आहे, पण मला माझा चार्ट आठवला.

माझ्या वेळी कंट्रोलरसमोर एक लांबरुंद कागद असायचा. आडवी वेळ, उभी स्टेशनं. गाडी म्हणजे त्यावरची तिरपी रेघ. स्टेशनवरून फोन यायचा, अमुक गाडी पास, की पेन्सिल पुढे सरकायची. ड्युटी संपताना सगळा सेक्शन एका नजरेत दिसायचा: कोण लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहिली, कुणी कुणाला कुठे क्रॉस केलं. बोएथियसचा देव असा चार्ट बघतो, हे मला लगेच पटलं.

आणि मग खटकलं. माझी पेन्सिल गाडीमागून सरकायची. गाडी मध्येच अडकली तर मी रेघ आडवी ओढायचो, म्हणजे माझं ज्ञान गाडीच्या हातात. देवाचं तसं म्हणता येईल का? येशूच्या शिष्याचं, पेत्राचंच घ्या. जेवण झालं, आणि प्रभू त्याला सांगतो की आज कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. रेघ ओढून झाली, गाडी अजून यार्डात. आता पेत्र न नाकारता राहू शकत होता का? इथे पाळकसाहेब ‘जाणणं म्हणजे करवणं नव्हे’ एवढं बोलून चार मिनिटांत पुढे गेले. अहो, इथे तर डबे घसरतात! निदान अर्धा तास थांबायचं.

चौथं व्याख्यान कॅल्विनचं, आणि ते चोख आहे. कॅल्विन आडपडदा ठेवत नाही: देवाला पुढचं दिसतं, कारण पुढचं त्यानेच ठरवलंय. पेन्सिल आधी, गाडी मागून. १५५१ साली बोल्सेक नावाच्या वैद्याने जिनिव्हात याला जाहीर विरोध केला, तर त्याला आधी तुरुंगात टाकलं आणि मग शहराबाहेर काढलं.

पाचव्यात हॉलंड. तिथला धर्मपंडित आर्मिनियस याचं म्हणणं उलट: कोण विश्वास ठेवील हे देवाला आधी दिसलं, म्हणून त्याने त्यांना निवडलं. तो १६०९ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमी निवेदन दिलं आणि १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, त्यांना चुकीचं ठरवून बाहेर घालवलं. त्या बाजूचा कायदेपंडित ग्रोशियस जन्मठेपेत होता, तो १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटला. ही गोष्ट पाळकसाहेबांनी फार रंगवून सांगितली. पण त्याआधी ‘ट्यूलिप’ या, कॅल्विनवाल्यांच्या पाच मुद्द्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवर वीस मिनिटं गेली. ते सूत्र डॉर्टचं नव्हेच, नंतरचं आहे, आणि मराठीत त्याच्या पाकळ्या जुळत नाहीत. हा भाग पळवत न्या.

पैसे वसूल झाले ते सहाव्या व्याख्यानात. १ शमुवेल २३. दावीद कईला गावात आहे, शौल राजा त्याच्या मागावर. दावीद देवाला विचारतो, शौल इथे येईल का? येईल. गावचे लोक मला त्याच्या हवाली करतील का? करतील. दावीद आपले सहाशेएक लोक घेऊन निघून जातो. शौल येत नाही, कुणी कुणाला हवाली करत नाही. म्हणजे देवाने जे सांगितलं ते घडलंच नाही, आणि तरी ते खोटं नव्हतं! दावीद थांबला असता तर तसं झालं असतं. मोलिना या स्पॅनिश जेझुइट (कॅथलिक) धर्मगुरूने १५८८ साली यावरच सगळा इमला रचला: कुठल्या परिस्थितीत कोण काय करील हे देव जाणतो, आणि ते जाणून जग मांडतो.

मी बायकोला हाक मारली. म्हटलं, हा तर कंट्रोलर! मालगाडी इथे लूपला घेतली तर एक्स्प्रेस पुढच्या स्टेशनला क्रॉस होईल, नाही घेतली तर दोन्ही रखडतील, हे आधी डोक्यात मांडायचं आणि मग हुकूम द्यायचा. गाडी चालवतो ड्रायव्हरच. ती मेथी निवडत होती. म्हणाली, “मग तुमच्या हातून एवढ्या गाड्या लेट का व्हायच्या?” याचं उत्तर मोलिनाकडेही नाही. त्याच्या मतावर रोममध्ये १५९७ पासून दहा वर्षं चौकशी चालली आणि पोपने निकाल न देताच दोन्ही बाजूंना सांगितलं की एकमेकांना पाखंडी म्हणू नका.

सातवं व्याख्यान पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय ८ आणि ९. आठव्या अध्यायातला क्रम छान उलगडलाय: आधी पूर्वज्ञान, मग नेमणूक, मग पाचारण. आर्मिनियसवाले या क्रमावर बोट ठेवतात. कॅल्विनवाले म्हणतात की इथलं ‘जाणणं’ म्हणजे माहिती असणं नव्हे, आपलं म्हणणं. दोन्ही बाजू सरळ मांडल्यात. नवव्या अध्यायात मात्र त्यांनी सहाव्या वचनापासून सुरुवात केली आणि थेट याकोब-एसाव (एकाला निवडलं, दुसऱ्याला नाही), कुंभार-माती (मातीने कुंभाराला जाब विचारू नये) यावर आले. मी घरचं पवित्र शास्त्र काढून पहिली पाच वचनं वाचली. तिथे पौल आपल्या विश्वास न ठेवणाऱ्या भाऊबंदांसाठी तळमळतोय. त्यांच्यासाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल, असं म्हणतोय. निवडीची सगळी कठीण वाक्यं त्याच्यानंतर येतात. मातीच्या वेळी मागून बोलणाऱ्याने अध्याय कुठून वाचला होता कोण जाणे.

आठवं व्याख्यान ‘सांत्वन’ म्हणून आहे, जेमतेम बारा मिनिटांचं. शेवटच्या थेट सत्रात मी या पाच वचनांबद्दल विचारलं. पाळकसाहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “ती मी घ्यायला हवी होती.” पुढच्या बॅचला घेणार आहेत म्हणे.

पाचापैकी साडेतीन तारे. घाईत असाल तर तिसरं, चौथं आणि सहावं ऐका. पीडीएफ छापायच्या भानगडीत पडू नका, आणि पैसे भरताना बटण एकदाच दाबा.