पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस: वर्षभर वापरून झाल्यावर

नाशिकच्या सातपूरला आमचं अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे. टॅली सॉफ्टवेअरमधले हिशोब, जीएसटीची रिटर्न्स आणि आजूबाजूच्या वर्कशॉपवाल्यांची बिलं, एवढाच कारभार. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने पीसीसोबत हा अँटिव्हायरस गळ्यात मारला. नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांची हीच तऱ्हा आहे.

आधी चांगलं सांगतो. क्लायंट पेन ड्राइव्ह आणतात, त्यात फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात. तो व्हायरस याने दर वेळी लावताक्षणी पकडला. तिथे तक्रार नाही.

रडगाणं पुढे आहे. जीएसटीच्या थ्रीबी या मासिक रिटर्नची २० तारीख जवळ आली की ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमकं तेव्हा टॅलीत व्हाउचरला एंटर मारावा आणि स्क्रीन गोठावी. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के, वरती याचंच नाव. आमच्या पीसीत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, एसएसडी नाही. तिथे स्कॅन आणि टॅली एकदम चाललं की दोघंही रांगेत उभे. एंड टास्क दाबावं तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’.

हे बंद न होणं मला पटतं. अँटिव्हायरस कोणालाही बंद करता आला, तर व्हायरस आधी तेच करेल. म्हणून स्कॅनही मी सोसला. टॅलीचा डेटा फोल्डर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत, टाकल्यावर बराच फरकही पडला. पण त्याच संरक्षणाच्या छत्रीखाली यांनी बाकी वऱ्हाड आणून बसवलंय, ते मात्र डोक्यात जातं. जंक साफ करणारा, ड्रायव्हर अपडेटर, स्वतःचा ब्राउझर, व्हीपीएन. कशाचाच व्हायरसशी संबंध नाही, पण सगळे पीसी चालू होताच उठतात. क्लीनर दिवसाआड सांगतो, ‘तुमच्या पीसीत शेकडो समस्या आहेत.’ क्लिक केलं की समजतं, त्या सोडवायला वरचा प्लॅन घ्यावा लागेल! सेटिंगमध्ये बंद करा, पुढच्या मोठ्या अपडेटला पुन्हा हजर.

सगळ्यात मनस्ताप दिला तो वेब शील्डने, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा तपासणाऱ्या भागाने. कंपनी आणि एलएलपीच्या जीएसटी रिटर्नवर डीएससीनेच (डोंगलमधल्या डिजिटल सहीनेच) सही करावी लागते. त्यासाठी पीसीवर एमसायनर हा सही करणारा प्रोग्राम चालू लागतो आणि जीएसटीचं पोर्टल त्याच्याशी पीसीच्या १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतं. वेब शील्ड मध्येच आपलं सर्टिफिकेट घुसवून ते बोलणं तपासायला जायचं आणि स्क्रीनवर यायचं, एमसायनर रीस्टार्ट करा. डोंगल बदलून पाहिला, जावा पुन्हा टाकलं, क्लायंटचा फोनवर फोन, ‘साहेब, झालं का?’ शेवटी वेब शील्डमधली एचटीटीपीएस स्कॅनिंगची (सुरक्षित जोडणी तपासण्याची) खूण काढली आणि दुसऱ्या मिनिटाला सही झाली.

मागे बसून आणखी काय चालतं, ही शंका उगाच येत नाही. अवास्ट हा अँटिव्हायरस वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. त्यावरून अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. नॉर्टनने २०२१ मध्ये अँटिव्हायरसमध्येच इथेरियम हे आभासी चलन कमावण्याची (मायनिंगची) सोय दिली होती. ती आपण चालू केली तरच चालायची, पण मुळात तिथे तिचं काय काम?

आता काढून टाकलाय. कंट्रोल पॅनेलमधून काढल्यावरही दोन सर्व्हिसेस मागे राहिल्या होत्या. त्या कंपनीच्याच रिमूव्हल टूलने, सेफ मोडमध्ये गेल्या. त्यानंतर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपोआप चालू झाला. तोही साधू नाही, जुन्या डिस्कवर अधूनमधून कुरकुरतोच. पण काही विकायला येत नाही. टॅलीचा बॅकअप रोज वेगळ्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवतो.

पाचपैकी दोन स्टार. तुम्हीही काढणार असाल तर आधी कंपनीच्या साइटवर लॉगिन करून ऑटो-रिन्यूअल बंद करा. प्रोग्राम काढला तरी कार्डावरचं मॅन्डेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) तसंच राहतं. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, तो मात्र वाचा.