बाईचं नाव येतंय, मालक

दुकानातल्या जुन्या नोकराने मारलेल्या पैशांचा आकडा आधीच सांगतो. 2 लाख 7 हजार 40 रुपये. यात त्याने लावलेल्या दुसऱ्या क्यूआरवरून परस्पर गेलेले 1,12,640, वायरीच्या बंडलांचे 72,400 आणि बहिणीच्या लग्नाला म्हणून नेलेल्या उचलीतले फिटायचे राहिलेले 22,000. उचल चोरीत धरता येत नाही असं वकील म्हणतात. मी धरतो.

हार्डवेअर, पेंट आणि इलेक्ट्रिकचं दुकान आहे, तालुक्याच्या गावात. वडिलांपासूनचं. पुढे काउंटर, मागे गोडाऊन. कामाला दोन माणसं. त्यातला एक आठ वर्षांचा जुना. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पगार साडेचौदा हजार. 2021 मध्ये अण्णांना कोविड झाला तेव्हा रिक्षावाले दारात थांबत नव्हते, ह्याने स्वतःच्या गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. अशा माणसाचे खिसे कोण तपासतं? तुम्ही तपासले असते का? आता येणारा-जाणारा म्हणतो, "डोळे मिटून विश्वास ठेवायला नको होता." हेच लोक दिवाळीला त्याला माझ्या आधी फराळ द्यायचे.

नोकराने मारायच्या युक्त्या धंदेवाल्यांना काही नवीन नाहीत. बिल न करता माल देणं, परत आलेला माल न दाखवणं, सुट्ट्या खिळ्यांचे पैसे खिशात. तेवढं मला कळत होतं. लक्षही होतं. फक्त ते चुकीच्या माणसावर होतं.

2025 च्या फेब्रुवारीत बाजाराच्या शुक्रवारी गल्ल्यात 3,200 रुपये कमी आले. तेव्हा दुसरा पोरगा नवीन होता, लागून चार महिने झालेला. जुना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मालक, पोराचा हात साफ दिसत नाही." मी एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पोराला काढला. वर बारा दिवसांचा पगार, 4,000 रुपये, कापून घेतला. पोरगं रडलं. मला वाटलं, पकडला गेला म्हणून रडतोय. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायचंच ठरवलंय. संशय कुणावर आहे हे बघताना तो संशय तुमच्या कानात कोण सोडतंय तेही बघा.

आता ज्या दिवशी मला कळायला हवं होतं, त्या दिवसाचं. अक्षय्य तृतीयेच्या आदला दिवस, 29 एप्रिल. एक प्लंबर मिस्त्री गोडाऊनमधून पाइप आणि एल्बो घेऊन पुढे आला. मोबाइल माझ्यासमोर धरला आणि हसत विचारलं, "मालक, खातं मंडळींच्या नावावर केलंत व्हय? बाईचं नाव येतंय."

बाईचं नाव. मंडळी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या, बिलं लावत. स्क्रीनवरचं नाव तिचं नव्हतं. मी ते वाचलं. वाचलं, हे मान्य करतो. तेवढ्यात मागून जुन्याचा आवाज आला, "मालक, बँकेच्या पोरांनी नवीन स्टिकर दिलाय, त्यांचं काहीतरी गंडलंय, करतो म्हणालेत." आणि मी त्या मिस्त्रीलाच म्हणालो, "गेलेत ना पैसे? मग झालं तर." सरळ माणूस सरळ प्रश्न विचारत होता आणि मी त्याला झटकला. त्याचे 2,350 रुपये होते. त्या मिनिटाला गोडाऊनमध्ये आठ पावलं चालत गेलो असतो तर टेबलाला चिकटवलेला तो दुसऱ्या क्यूआरचा कागद दिसला असता. ते नाव जुन्याच्या बायकोचं होतं. तिच्या लग्नात मी आहेर केला होता, तरी ते आडनावासकट डोळ्यांसमोर असून डोक्यात शिरलं नाही.

आणि ती बोलकी पेटी! काउंटरवरची पेटी पैसे जमा झाले की ओरडते. मिस्त्री लोक मागे गोडाऊनमध्ये पैसे भरायचे तेव्हा ती गप्प असायची. मी समजायचो, रेंज नसेल. दर महिन्याला तिचं भाडं भरत होतो आणि ती बोलत नाही याचा अर्थ एकदाही लावला नाही. पेटी बोलली नाही तर माल दाराबाहेर जाऊ देऊ नका, मग गिऱ्हाईक मेव्हणा का असेना.

सापडलं कसं, तर सरकारच्या कृपेने. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, म्हणून शिल्लक माल मोजायला काढला. सिमेंट मोजून झाल्यावर ही म्हणाली, घट बसलेत, त्या निमित्ताने वायरीचा रॅकही पुसून घेऊ. तिने दीडच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या, वायरीचा खोका उचलला आणि तो हवेत वर गेला. रिकामा. बंडल खालून काढून घेतलेलं, तळाला टेप मारून खोका पुन्हा मागच्या रांगेत. पुढच्या रांगा भरलेल्या, मागच्या पोकळ. दीडचे 23 खोके, खरेदी भाव 1,780. अडीचचे 11, भाव 2,860. मी दर महिन्याला स्टॉक "मोजत" होतो, म्हणजे लांबून खोके मोजत होतो. खोके उचला. हलवा. लेबल वाचून कुणाचं पोट भरत नाही.

मग एकेक धागा सुटला. पेंटर तक्रार करायचे की डब्यात टोकन, कंपनी पेंटरला बक्षीस म्हणून घालते ते, निघत नाही. मी कंपनीच्या माणसाला शिव्या घालायचो. रंगाची शेड मिसळायला डबा मशीनवर कोण उघडत होतं, हे मात्र कधी मनात आलं नाही. त्याचा हिशेब लागणारच नाही, म्हणून वरच्या आकड्यात धरलेला नाही. क्यूआरचा आकडा 14 मिस्त्री-पेंटरांच्या मोबाइलमधले जुने व्यवहार बघून काढलाय. जे बाहेरगावचे होते त्यांचं देवाला ठाऊक.

इथपर्यंतचा मूर्खपणा विश्वासातला म्हणता येईल. पुढचा माझा एकट्याचा. जुन्याला समोर बसवला, त्याने पाय धरले, गावातली दोन वजनदार माणसं मध्ये पडली. 500 च्या स्टॅम्पवर कबुलीनामा लिहून घेतला, महिना 10,000 प्रमाणे फेडायचे. पहिला हप्ता आला. दुसऱ्याच्या तारखेला फोन बंद. आणि पोलिसांत त्याचाच अर्ज गेला होता, की मला गोडाऊनमध्ये कोंडून, दमदाटी करून सही घेतली आणि पगार थकवला! कोंडला नव्हता, पण दार लोटलेलं होतं आणि आत आम्ही चौघं होतो. कोर्टात कसं दिसेल, तुम्हीच ठरवा. हात उचलू नका, आणि असले कागदही करू नका. आधी पोलिसांत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मग पाहिजे तेवढी समजूत घाला.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी दोन तास बाकावर. मग हवालदारसाहेब म्हणाले, "घरचाच माणूस म्हणता, मग घरातच मिटवा की." कबुलीनामा दाखवला तर म्हणाले, "हे तर मिटलेलंच आहे, देण्याघेण्याचं प्रकरण, दिवाणीत जा." दुसऱ्या फेरीला दुसरे साहेब. क्यूआर हा शब्द ऐकताच, "सायबरचं आहे, जिल्ह्याला जा." जिल्ह्याला गेलो, एसटीने, दुकान बंद ठेवून. तिथे सांगितलं, नोकराने चोरी केली, गाव तुमचं, ठाणं तुमचं, इथे कशाला आलात? 1930 हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावला होता, पण पैसे काही तासांत अडवायचे असतील तर त्याचा उपयोग. माझ्या पैशांना सहा महिने झाले होते. क्यूआरवाल्या कंपनीला फोन केला की हे खातं कुणाचं ते सांगा. ते म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, खात्याची माहिती आणा, मग बघू. चोराला कुणी काही विचारलं नाही. मला मात्र विचारलं, "इतके दिवस झोपला होता का?"

त्यानंतर, "चौदा दिवस प्राथमिक चौकशी करावी लागते." हे ऐकून मी आलो परत. वकिलाने कपाळावर हात मारला. ती सोय तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. नोकराने मालकाकडची चोरी करणं, भारतीय न्याय संहितेचं कलम 306, आणि नोकराने केलेला विश्वासघात, कलम 316 पोटकलम 4, दोन्हींना शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे माझ्या प्रकरणात ती सोय लागूच नव्हती. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 (4) प्रमाणे एसपींना लेखी अर्ज पाठवता येतो, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवला. गुन्हा नोंद झाला तो पहिल्या फेरीनंतर 61 व्या दिवशी. एक ओळ लिहायला 61 दिवस.

पुराव्याचं तर विचारूच नका. कॅमेरा होता, पण डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत, पंधरा दिवसांचंच राहतं, त्यावर पुढचं बसतं. संशय आला त्याच संध्याकाळी फुटेज पेनड्राइव्हवर घ्या आणि डीव्हीआर बंद करून ठेवा. मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यावर मोबाइलवाल्याची आणि तज्ज्ञाची सही लागते, वकिलाला विचारून करून घ्या. 14 जणांपैकी जबाब द्यायला पाचच आले. बाकीचे म्हणाले, "मालक, आम्हाला कशाला स्टेशनला नेता?" त्यांचंही चूक नाही, मीच तिथे किती वेळ बसलो ते वर सांगितलंय. तो एप्रिलवाला प्लंबर मात्र आला. पहिला आला.

मी काढलेला तो नवीन पोरगा आता पलीकडच्या पेठेत टाइल्सच्या दुकानात आहे. 4,000 रुपये पाकिटात घालून घेऊन गेलो. त्याने मालकासमोरच मोजले आणि विचारलं, "पावती लिहून देऊ का काका?" मी काही न बोलता परत आलो.

वसूल झाले ते 10,000. बाकी 1,97,040.

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका इलेक्ट्रिकवाल्याचा फोन आला. ह्याने तिथे कामाला अर्ज केलाय आणि आठ वर्षांचा अनुभव सांगताना माझं नाव दिलंय. "माणूस कसा आहे हो?" वकिलाने ताकीद दिलीय, निकाल लागेपर्यंत कुणापाशी त्याला चोर म्हणायचं नाही, उलटी केस पडेल. मी म्हटलं, कामाला वाघ आहे. वायरीचे खोके तेवढे उचलून बघत जा, मागच्या रांगेतले.