रंधा मशीनचे सेफ्टी स्विच बदलले: दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

ज्यांच्याकडे वरून सरफेस आणि खालून जाडी काढणारं एकत्र रंधा मशीन आहे, म्हणजे प्लेनर-थिकनेसर, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझं मशीन १० इंची आहे, सिंगल फेज, २ एचपी मोटर. इंदूरला लोकमान्य नगरातल्या घरामागच्या शेडमध्ये ठेवलंय. पाट, चौरंग, देव्हारे अशी कामं करतो, बहुतेक सागवानात. सुट्टीत पुतणी मदतीला येते. मशीनच्या कापण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार होती त्यातल्या दोन छोट्या सेफ्टी स्विचबद्दल. ते काढून गेल्या दिवाळीत वेगळी व्यवस्था बसवली, आणि उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात असे दोन्ही ऋतू बघून झाल्यावर आता तिच्याबद्दल खात्रीने बोलता येतंय.

आधी हे स्विच करतात काय, ते सांगतो. सरफेस काढताना वरचं टेबल खाली बसवून लॉक केलेलं असतं आणि फळी पाती बसवलेल्या फिरत्या कटर ब्लॉकवरून जाते. जाडी काढायची तर टेबल वर उचलायचं आणि भुसा खेचणारं झाकण उलटं फिरवून कटर ब्लॉकवर आणायचं. मधल्या अवस्थेत, टेबल उचललेलं आणि झाकण अजून न आलेलं, तेव्हा पाती पूर्ण उघडी असतात. त्या अवस्थेत मशीन सुरू होताच कामा नये. म्हणून एक स्विच टेबलाखाली आणि एक झाकणापाशी. दोन्ही समांतर जोडलेले. टेबल बसलेलं असेल किंवा झाकण जागेवर असेल, तरच करंट पुढे जाणार.

कल्पना चांगली आहे, पण माझ्या मशीनमध्ये ती राबवली होती साध्या मायक्रोस्विचवर, आणि मोटरचा सगळा करंट त्यांच्यातून जात होता. २ एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडला १० अँपिअरच्या आसपास घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. मायक्रोस्विचवर ‘१६ अँपिअर, २५० व्होल्ट’ छापलेलं असतं, पण तो आकडा हीटरसारख्या साध्या लोडचा. मोटरसाठी तोच स्विच बराच कमी करंट झेपवतो. वर सागवानाचा तेलकट, बारीक भुसा. तो स्विचच्या फटीतून आत शिरतो, ठिणगीने जळतो आणि कॉन्टॅक्टवर काजळी धरते.

लक्षणं हळूहळू दिसायला लागली. फळी अर्धी आत गेली की मशीन बंद पडायचं. झाकणाला टिचकी मारली की परत चालू. कधी गरम प्लॅस्टिकचा वास. मल्टिमीटर लावला तर सगळं ठीक, बीप वाजते. इथे बरेच जण फसतात. मल्टिमीटर अगदी किरकोळ करंट सोडतो आणि काजळी धरलेला कॉन्टॅक्टही त्याला चालू दिसतो. खरी परीक्षा मशीन चालू असताना त्या बंद कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजण्यात आहे. चांगल्या कॉन्टॅक्टवर जवळजवळ शून्य यायला हवा. माझ्याकडे ५ व्होल्टच्या आसपास दिसत होता. १० अँपिअरने गुणा: काडेपेटीपेक्षा लहान स्विचमध्ये ५० वॉट उष्णता. वास कुठून येत होता ते कळलं. हे मोजमाप जिवंत वायरवर होतं, त्यामुळे ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. बाकी कुठलंही काम प्लग काढून, आणि कपॅसिटर डिस्चार्ज केल्यावरच. प्लग काढल्यावरही कपॅसिटर झटका देऊ शकतो.

मला खरी धडकी भरली ती पुढच्या गोष्टीने. संशय आला म्हणून टेबल उचललं, झाकण बाजूला ठेवलं, आणि लांब उभं राहून हिरवं बटण दाबून बघितलं. कटर ब्लॉक फिरायला लागला. पाती उघडी आणि मशीन चालू! झाकणाचा स्विच उघडून पाहिला तेव्हा आत तांब्याच्या पट्टीवरचा चांदीचा ठिपका वितळून समोरच्या ठिपक्याला चिकटलेला होता, भोवती काळं रिंगण, आणि दांडी वर-खाली हलतेय पण पट्टी जागची हलत नाही. टेबलाखालच्या स्विचचे ठिपके खड्डे पडलेले, काजळीने माखलेले. म्हणजे एक स्विच धरतच नव्हता आणि दुसरा सुटतच नव्हता, आणि दोन्हींचं कारण एकच: त्यांच्या आवाक्याबाहेरचा करंट.

ओळखीचा इलेक्ट्रिशियन आला, रामबागेतला, चांगला कामसू मुलगा. म्हणाला, “काका, डायरेक्ट करून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे.” त्याचा दोष नाही. आपल्याकडे असा स्विच गेला की डायरेक्ट करणं, म्हणजे तो वगळून वायर थेट जोडणं, हाच रिवाज आहे, आणि सुतारकामाच्या कित्येक शेडमध्ये तुम्हाला झाकणाचा स्विच टेप मारून दाबून ठेवलेला दिसेल. माझं मत स्पष्ट आहे: रंधा मशीनवर हे करू नका. करवतीने बोट कापलं तर निदान जोडायची आशा असते. रंधा बोटाचे छिलपे काढतो, जोडायला काही शिल्लक ठेवत नाही.

तसेच नवे मायक्रोस्विच टाकायला पन्नास-साठ रुपयांत काम झालं असतं. पण तीच वायरिंग ठेवली तर वर्षा-दोन वर्षांत तोच प्रकार. म्हणून मोटरचा करंट त्यांच्यातून पूर्णपणे काढून टाकायचं ठरवलं. मोटर चालवायची डीओएल स्टार्टरने, बोअरच्या मोटरला आणि पिठाच्या गिरणीला असतो तोच. सेफ्टी स्विच फक्त त्याच्यातल्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलच्या वाटेवर. छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल धरून ठेवायला १० व्हीएच्या आसपास घेते, म्हणजे २३० व्होल्टला ०.०५ अँपिअरपेक्षाही कमी. इतक्या करंटने कॉन्टॅक्ट जळत नाही, चिकटतही नाही. लाइट गेली तर कॉइल सुटते, आणि परत आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन आपोआप सुरू होत नाही. झाकण उघडून परत लावलं तरी तसंच.

खरेदी महाराणी रोडवर. तिथे स्टार्टर मागितला की दुकानदार बहुतेक वेळा थ्री फेजचा, ४१५ व्होल्ट कॉइलचा काढून देतो, कारण विक्री त्याचीच जास्त. सिंगल फेजसाठी २४० व्होल्ट कॉइल आहे हे डब्यावर वाचूनच घ्या. जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेची रेंजही मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला जुळणारी हवी. आणि एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट: स्टार्टरला तीन पोल असतात आणि आपल्याकडे फेज एकच. तेव्हा करंट रिलेच्या तिन्ही पट्ट्यांतून एकापाठोपाठ फिरवून न्यावा लागतो, नाहीतर पट्ट्या सारख्या तापत नाहीत आणि रिले नको तेव्हा ट्रिप होतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने हे न सांगता केलं, तेव्हा त्याच्याबद्दलचा माझा आदर दुणावला.

सेफ्टी स्विचसाठी मी ओम्रॉनचे डी४एन जातीचे लिमिट स्विच घेतले, रोलर लिव्हरचे. साध्या मायक्रोस्विचच्या कित्येक पट महाग आहेत, आणि दोन घ्यायचे म्हणजे विचार करावा लागतो. पैसे दोन गोष्टींसाठी मोजले. एक, ते आयपी६७ आहेत, भुसा आत जात नाही. दुसरी, त्यांच्यावर वर्तुळात बाणाची खूण आहे. आयईसी ६०९४७-५-१ या मानकाप्रमाणे तिचा अर्थ असा की लिव्हर दाबला की आतला बंद कॉन्टॅक्ट स्प्रिंगच्या भरवशावर न राहता यांत्रिक जोराने ओढून उघडला जातो. ठिपके चिकटले असले तरी तुटून उघडतील.

मात्र या खुणेचा उपयोग व्हायचा तर स्विच बसवायची पद्धत उलटी करावी लागते. जुन्या मशीनमध्ये झाकण लावलं की दांडी दाबली जायची आणि कॉन्टॅक्ट जुळायचा. उघडलं की स्प्रिंगने सुटायचा. म्हणजे स्प्रिंग तुटली किंवा ठिपका चिकटला की संरक्षण संपलं. आता झाकण लावलेलं असताना रोलर मोकळा असतो आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड, न दाबता जुळलेला राहणारा) कॉन्टॅक्ट जुळलेला. झाकण उचललं की बिजागरीवर बसवलेला लोखंडी कॅम फिरतो आणि रोलरला ढकलून कॉन्टॅक्ट उघडतो. कॅम सांवेर रोडच्या एका वर्कशॉपमधून करून घेतला, ६ मिमी पट्टीचा, दोन बोल्टचा. टेबलाच्या लॉकवरही तसाच. या एका बदलाने मला जितकं समाधान दिलं तितकं सगळ्या नव्या सामानाने मिळून दिलं नाही.

सोबत एक लाल मशरूम बटण, तेही एनसी, कॉइलच्याच वाटेवर. ते मांडीच्या उंचीवर लावलंय. दोन्ही हात फळीवर असतात तेव्हा हाताने स्टॉप शोधायचा नसतो, मांडीने दाबता येतं. सगळे स्विच फेजच्या बाजूला ठेवले आणि कॉइलचं दुसरं टोक न्यूट्रलला, म्हणजे एखादी कंट्रोल वायर घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडेल, मशीन आपोआप चालू होणार नाही. मोटरला २.५ स्क्वेअर मिमी वायर, कंट्रोलला १. मशीनची अर्थिंग नव्याने, आणि शेडच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच.

आता वापराचं. मशीन अर्ध्या फळीत बंद पडणं पूर्ण थांबलं. वास नाही. मध्यंतरी तेच मोजमाप परत करून घेतलं, कॉन्टॅक्टवरचा व्होल्टेज मीटरवर उमटतही नाही. लिमिट स्विच काढून पाहिले तर वरून भुशाने मढलेले आणि आतून कोरे. महिन्यातून एकदा पुतणी आणि मी मिळून तपासणी करतो: टेबल उचलून आणि झाकण उघडं ठेवून हिरवं बटण दाबायचं, स्टार्टरचा टक आवाजसुद्धा येता कामा नये. मग मशीन मोकळं चालवून मांडीने लाल बटण. पुतणीला ही तपासणी आता तोंडपाठ आहे आणि ती झाल्याशिवाय मला फळी लावू देत नाही.

त्रासाच्या गोष्टीही सांगायला हव्यात. कॅमचे बोल्ट थरथरीने ढिले होतात. साध्या वॉशरने भागलं नाही, नायलॉक नट लावल्यावर प्रश्न मिटला. मे महिन्यात दुपारी सगळीकडे कूलर-एसी चालू असले की आमच्या भागात व्होल्टेज पडतो, आणि स्टार्टर घरघरायला लागतो. यात त्याचा दोष नाही. कॉन्टॅक्टरने ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत नीट ओढून घ्यावं अशी मानकाची अपेक्षा असते. २४० च्या कॉइलला ते २०४ व्होल्ट होतात, त्याखाली तो अडखळणारच. घरघरीत कॉन्टॅक्ट जळतात, म्हणून अशा दुपारी मी मशीन लावतच नाही. पाऊस सुरू झाल्यावर दमट भुसा कॅमच्या कोपऱ्यात थापला जातो, तो ब्रशने काढावा लागतो. ब्लोअर मारू नका, हवेच्या जोराने भुसा स्टार्टरच्या डब्यात जातो. व्हॅक्यूम वापरा. स्टार्टरचा खटका मोठा आहे, भिंतीपलीकडे ऐकू जातो. घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे.

सर्वांत मोठी उणीव मात्र अजून तशीच आहे. झाकण उघडताच वीज तुटते, पण कटर ब्लॉक लगेच थांबत नाही. स्वतःच्या वेगाने फिरत राहतो, आणि त्या वेळात झाकण उघडता येतं. ब्रिटनमध्ये लाकूडकामाच्या बऱ्याच यंत्रांना १० सेकंदांत थांबवणारा ब्रेक लागतो. माझ्या मशीनला त्याहून जास्त वेळ लागतो. ब्रेक बसेपर्यंत आमच्याकडे नियम असा की लाल बटण दाबल्यावर पातीचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला कुणी हात लावायचा नाही. पुढचं काम डीसी इंजेक्शन ब्रेकचं. बटण दाबलं की मोटरच्या वाइंडिंगमध्ये थोडा वेळ डीसी सोडून रोटर थांबवतात. सिंगल फेज मोटरसाठी तो कुठला घ्यावा, आणि कपॅसिटर तसाच ठेवून चालतो का, हे मोटर वाइंडिंगवाल्याशी बसून ठरवायचं आहे. गणपतीच्या मखरांचं काम उरकलं की मोटर उतरवून त्याच्याकडे नेणार आहे.