१०९८ ला फोन लावला त्याची गोष्ट, ४ स्टार

भावजी एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले आणि तेरावं होतंय न होतंय तोच नातेवाइकांनी भाचीसाठी स्थळ आणलं, पोरगी १५ वर्षांची, म्हणे लॉकडाऊन आहे तर चार माणसांत उरकून जाईल, खर्च पण नाही. ताई नुसती भिंतीला टेकून बसलेली, हो नाही काहीच नाही. शेवटी रात्री मीच १०९८ लावला, अडचणीतल्या मुलांसाठीची हेल्पलाइन.

वाटलं होतं पोलीस येणार, गावभर बोभाटा होणार. पण फोनवरच्या बाईंनी पहिलं विचारलं, मुलगी आत्ता कुठे झोपलीये, कोणाजवळ? दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक (गावात बालविवाह थांबवायची जबाबदारी त्याचीच असते, मला पत्ताच नव्हता), अंगणवाडीताई आणि एक समाजसेविका मॅडम हजर. मॅडम भाचीला घेऊन मागच्या पडवीत शेंगा फोडत बसल्या, अर्धा तास, आम्हाला कोणाला तिकडे फिरकू दिलं नाही. मग मोठ्यांना शांतपणे सांगितलं की लग्न लावणारा भटजी पण अडकतो, दोन वर्षांपर्यंत जेल आणि एक लाखापर्यंत दंड. स्थळवाले परत आले नाहीत.

बालसंगोपन योजनेचं (पालक गेलेल्या पोरांसाठी सरकार दर महिन्याला पैसे देतं ती) पण मॅडमनीच सांगितलं. आई जिवंत आहे म्हणजे मिळत नाही असं गावात सगळे सांगत होते, साफ खोटं, एक पालक गेला तरी मिळते आणि पोरं घरीच राहतात.

एक स्टार कापला तो योजनेच्या ऑफिसमुळे. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, घरासमोर आईसोबत पोरांचा फोटो, सगळं देऊन पण तीन चकरा, साहेब मीटिंगला. बाल कल्याण समितीची ऑर्डर निघाली तरी पैसे कधी चार महिन्यांचे एकदम तर कधी नुसती शांतता. आधी ४२५ रुपये होते म्हणे, आता महिना २२५० झालेत, भाच्याचं अजून चालू आहे. भाची नर्सिंगला आहे.

१०९८ मध्यंतरी संस्थांकडून सरकारकडे गेलं, नंबर तोच. योजनेचा फॉर्म फुकट असतो, झेरॉक्सवाला ५०० मागेल त्याला देऊ नका. आणि तो घरासमोरचा फोटो दोन कॉपी काढून ठेवा, आमचा फाईलमधून हरवला आणि ताईला परत दारात उभं करावं लागलं.