सुपरकारचे साचे आणि ‘रिटर्नेबल’ चलन

अंबड, सातपूर किंवा सिन्नरला ज्यांचं एफआरपीचं (फायबरचं), सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचं) किंवा ट्यूब फॅब्रिकेशनचं (पाइप जोडकामाचं) युनिट आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. छोट्या स्पोर्ट्‌सकार कंपन्या पार्ट करून घ्यायला नाशिकला येतात. महिंद्रा, बॉश आणि ओझरच्या एचएएलमुळे इथे कसलेले कारागीर आहेत. शिवाय तेच ते ब्रॅकेट वर्षानुवर्षं काढून कंटाळलेल्या कारखानदाराला दोन दारांच्या देखण्या गाडीचं ड्रॉइंग दाखवलं की तो भाव पाडायला लगेच तयार होतो. हे येणाऱ्या पार्टीला पक्कं ठाऊक असतं.

पुढचा व्यवहार अंबडमधल्या एका एफआरपी युनिटचा आहे. पार्टीचं नाव देत नाही.

सुरुवात छोट्या कामांनी झाली. एअर डक्टचा एक साचा, सव्वा लाखाचा; पैसे आठव्या दिवशी खात्यात. मग आरशांचे कव्हर, पावणेदोन लाखांचं काम. तेही पैसे वेळेत. तिसरी पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आली ती थेट अख्ख्या बॉडीची. बॉनेट, पुढचा-मागचा बंपर, फेंडर, दारांचे आतले-बाहेरचे पॅनल, छत, मागचं झाकण असे १४ पॅटर्न (साचा ज्यावरून काढतात ते मूळ नमुने) आणि त्यांचे साचे. किंमत ३८ लाख, वर १८ टक्के जीएसटी. ॲडव्हान्स १५ टक्के म्हणजे ५ लाख ७० हजार, बाकी रक्कम ९० दिवसांत. सोबत तोंडी आश्वासन, “पहिल्या पन्नास गाड्यांचे पॅनल तुमच्याकडेच, दादा.”

पीओ नीट पाहायला हवी होती. वर ब्रँडचा झळझळीत लोगो, पण तळाच्या बारीक अक्षरांतला जीएसटी नंबर भलत्याच कंपनीचा. कंपनी खात्याच्या पोर्टलवर तिचं नाव टाकल्यावर भरणा झालेलं भांडवल १ लाख दिसतं. ब्रँडचं नाव, डिझाइन, बुकिंगचे पैसे, सगळं दुसऱ्या कंपनीत. उधारी मात्र या १ लाखवालीच्या नावावर. पोर्टलवर हे बघायला दहा मिनिटं लागतात. शेवटचा ताळेबंद कधी भरला आणि बँकेचा बोजा किती, हेही तिथेच कळतं.

आता कामाचं. बाहेरचा पॅनल ३ मिलिमीटरचा असेल तर साचा निदान ९-१० मिलिमीटर जाड लागतो आणि मागे चौकोनी पाइपची फ्रेम लागते, नाहीतर चार पॅनल काढल्यावर तो पीळ खातो. पॅटर्न पीयू बोर्डात (घट्ट फोमच्या पाटीत) कापायचा, प्रायमर मारून १२०० नंबरच्या पाणपेपरपर्यंत घासायचा, मेणाचे पाच-सहा हात द्यायचे, मग टूलिंग जेलकोट (साच्याचा गुळगुळीत पृष्ठथर) आणि वर फायबर-रेझिनचे थरावर थर. एकाच दिवशी जास्त थर चढवले तर रेझिन तापतं, आकसतं आणि साचा पॅटर्नवरून स्वतःहून सुटतो. पार्टीने खर्च वाचवायला मोठे पॅटर्न एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीत) करायला लावले. जुलैत नाशिकची हवा कशी असते ते सांगायला नको. एमडीएफ सांध्यावर फुगला आणि बॉनेटच्या साच्यात केसाएवढी रेघ उमटली. ‘क्वालिटी रिजेक्शन’चं (माल नाकारल्याचं) एक पत्र या रेघेवरून पुढे निघालं. एमडीएफ कोणी सांगितला, हे कुठे लेखी नव्हतं.

खरा खड्डा मात्र ड्रॉइंगच्या बदलांनी पाडला. रिव्हिजन ए पासून एफ पर्यंत सहा वेळा बदल झाले. मूळ गाडीत चार सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं, मधेच व्ही-६ ठरलं. रेडिएटर वाढला, म्हणून बंपरचं तोंड मोठं झालं. बाजूचे हवेचे झरोके सरकले. इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) झाकणाला लागायला लागला, म्हणून मागचं झाकण ३५ मिलिमीटर वर गेलं. चार पॅटर्न नव्याने कापावे लागले, साडेसहा लाखांचं काम. त्याची नोंद म्हणजे व्हॉट्सॲपवर एक ओळ : “करून टाका, शेवटी ॲडजस्ट करू.”

असे बदल म्हणजे डिझायनरची लहर असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच असतो : इंजिनाचा पुरवठादार अजून पक्का नाही. नावाजलेला उत्पादक चाळीस-पन्नास इंजिनांसाठी अनोळखी पार्टीच्या दारात उभा राहत नाही. इंजिन मिळालं तरी त्याचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मूळ गाडीच्या वायरिंगशी आणि इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) बोलतो. शिवाय प्रदूषणाचं प्रमाणपत्र संपूर्ण वाहनाला मिळतं, सुट्या इंजिनाला नाही. मर्सिडीज-एएमजीसारख्या घराण्याचीही यात दमछाक झाली. त्यांनी ‘वन’ ही गाडी २०१७मध्ये दाखवली. फॉर्म्युला वनचं इंजिन रस्त्यावरच्या प्रदूषण नियमांत बसवायचं तर ते १२०० आरपीएमच्या आसपास शांतपणे आयडल व्हायला (गाडी उभी असताना चालत राहायला) हवं होतं. त्यातच वर्षं गेली आणि उत्पादन २०२२ उजाडल्यावर सुरू झालं. त्यांच्या मागे पैशाचा डोंगर होता. छोट्या कंपनीच्या मागे तुमची उधारी असते.

उशीर झाला म्हणजे कंपनी खोटी, असंही नाही. केनिगसेग १९९४मध्ये सुरू झाली, पहिली गाडी गिऱ्हाइकाला २००२मध्ये मिळाली. पगानी १९९२ची, झोंडा आली १९९९मध्ये, तीही मर्सिडीजच्या व्ही-१२वर. उलट टीव्हीआरने नवी ग्रिफिथ २०१७मध्ये वाजतगाजत दाखवली, बुकिंगही घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं गाडी गिऱ्हाइकाकडे गेलीच नाही. डिलोरियनने तर उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी पैशावर कारखाना उभारला, सुमारे ९००० गाड्याही काढल्या आणि १९८२मध्ये कंपनीचा ताबा घेणारा प्रशासक (रिसीव्हर) बसला. गाडी रस्त्यावर आली की पुरवठादार सुटला, असंही समजू नका.

या पार्टीची गाडी प्रदर्शनात झळकली तेव्हा जवळ जाऊन पाहणाऱ्याला सगळं कळलं असतं. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात मानकाचा छापच नव्हता. ती काच नव्हतीच, वाकवलेलं पॉलिकार्बोनेट होतं. वायपर एकच, आणि त्याचा हात फिरला असता तर खांबाला आपटला असता. दाराच्या काचा खाली जायला दारात जागाच नव्हती. दाराभोवती रबर बीडिंग नाही. चाक आणि कमानीमध्ये दोन बोटांची फट, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर घासणार. हेडलॅम्प एका चालू हॅचबॅकचे, वर काळी पट्टी. पेट्रोल टाकीचं झाकण ओढून पाहिलं तर नुसतं चिकटवलेलं. अशी शो कार आठ-दहा आठवड्यांत उभी राहते. तिच्यापासून विकण्याजोग्या गाडीपर्यंतचं अंतर फार मोठं असतं.

ते अंतर कशाचं, हे वाहनांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या कागदांवरून समजतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे नमुना वाहनाची मान्यता घेतल्याशिवाय मॉडेल विकता येत नाही. त्यात एआयएस-०९८ या वाहन-मानकाची समोरची धडक येते : ताशी ५६ किलोमीटर वेगाने गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आदळवतात. एआयएस-०९९ ची बाजूची धडक वेगळी. प्रत्येक धडकेत एक पूर्ण तयार गाडी भंगारात जाते. एअरबॅगचा सेन्सर किती धक्क्याला उघडायचा हे त्या बॉडीसाठी नव्याने बसवावं लागतं आणि चाळीस गाड्यांसाठी एअरबॅगवाला इंजिनिअर पाठवत नाही. म्हणून पार्टीला रेंडर (संगणकावर काढलेलं गाडीचं चित्र) किंवा बुकिंगचा आकडा विचारू नका. टेस्ट एजन्सीकडे कोणत्या तारखेला अर्ज केला आणि कोणत्या चेसिस नंबरची गाडी दिली, एवढंच विचारा. उत्तरात ‘प्रोसेसमध्ये आहे’ आलं, तर कामाचा पूर्ण पैसा आधी घ्या.

पैसे थकायला लागले तेव्हा १५-१५ लाखांचे दोन पुढच्या तारखेचे चेक आले. सोबतच्या पत्रात ‘फक्त सुरक्षेपोटी’ असे दोन शब्द होते. खटला लांबवायला तेवढे पुरतात. पहिला चेक परत आला. मग परदेशातल्या गुंतवणूकदाराची रक्कम ‘या आठवड्यात’ येणार होती. आणि मग फोन आला : “साचे रिटर्नेबल चलनावर द्या, पुण्यात एक पॅनल काढून बघतो, आठ दिवसांत परत.” रिटर्नेबल चलन म्हणजे माल परत येणार या बोलीवर पाठवताना सोबत द्यायचा कागद. इथे युनिटच्या मालकाने एकच गोष्ट बरोबर केली, साचे हलवले नाहीत. याच पार्टीला चेसिसचं फिक्श्चर (जोडताना पाइप जागेवर धरणारा सांगाडा) देणाऱ्या सातपूरच्या शेजाऱ्याने ते चलनावर दिलं. ते परत आलं नाही आणि दुसऱ्या फॅब्रिकेटरकडे कमी भावात तीच चेसिस सुरू झाली. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचा ताब्यातल्या मालावर हक्क असतो. जॉबवर्क केलेला माल मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवता येतो. ताबा सुटला की हा हक्कही गेला.

बिलाचं दुखणं वेगळं. पूर्ण बिल फाडल्यामुळे ६ लाख ८४ हजारांचा जीएसटी युनिटने खिशातून भरला. पार्टीने त्याचं क्रेडिट (आपल्या करातली वजावट) उचललं. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर तिला ते क्रेडिट उलटवावं लागतं, पण ती रक्कम सरकारकडे जाते, तुमच्याकडे येत नाही. म्हणून अशा कामाचं बिल टप्प्याटप्प्याने करा आणि आधीच्या टप्प्याचे पैसे आल्याशिवाय पुढचा पॅटर्न मशीनवर चढवू नका.

अडकलेल्यांनी तारखा सांभाळाव्यात. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, त्यानंतर एका महिन्यात चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ची तक्रार. फोनवरच्या ‘या आठवड्यात’मध्ये यातली पहिलीच मुदत निघून जाते. पीओवर ९० दिवस लिहिले असले तरी सूक्ष्म आणि लघुउद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायलाच हवेत. त्यानंतर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. निकाल विरुद्ध गेला तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय कोर्टात आव्हान देता येत नाही. मात्र उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) काम सुरू होण्याआधीचीच असलेली बरी. मालाबद्दलची हरकत डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी आली नसेल तर माल स्वीकारला असं धरतात. रिजेक्शनचं ते पत्र चौथ्या महिन्यात आलं होतं; पण साचे युनिटमधून हललेच नव्हते, त्यामुळे डिलिव्हरी कधीची धरायची यावर वाद होऊ शकतो. दिवाळखोरीचा धाक घालायचा विचार असेल तर थकबाकी १ कोटीच्या आत असताना पुरवठादाराला तो अर्ज करता येत नाही. पार्टीच दिवाळखोरीत गेली तर वसुली थांबते आणि रांगेत बँका आपल्या पुढे असतात.

पार्टीने ठरवून बुडवलं की स्वप्नाच्या नादात स्वतःसकट सगळ्यांना बुडवलं, यावर अंबडमध्ये अजून वाद होतात. पहिली दोन बिलं वेळेत चुकती करणं आणि पीओ १ लाखाच्या कंपनीवर काढणं या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर आमचं मत पहिल्या बाजूला झुकतं.

१४ साचे शेडच्या मागे ताडपत्रीखाली पडून आहेत. भंगारवाला येऊन गेला. फ्रेमच्या लोखंडाचा भाव देतो म्हणाला, फायबर उचलायचे मात्र त्याला उलट पैसे हवेत.